बगळी

माझं काम आवाज नसलेल्या खोलीशेजारी बसून चालतं. काचेपलीकडच्या त्या चिमुकल्या खोलीत माणूस बसतो, मी त्याच्या कानांवर हेडफोन चढवते, लाल बाजू उजव्या कानाला, निळी डाव्या, हातात बटण देते आणि माझं ठरलेलं वाक्य म्हणते, "बारीकसा का होईना, आवाज आला की दाबायचं. अंदाजानं दाबायचं नाही." मग जाड दार ओढून घेते आणि अलीकडे माझ्या टेबलाशी येऊन बसते. त्या सकाळी एक निवृत्त हेडमास्तर यायचे होते. ते जिना चढत होते तोवर जरा वारा घ्यावा म्हणून मी टेबलामागची खिडकी उघडली, आणि खालच्या रस्त्यावरून तो आवाज आला. खर्र, खर्र, खर्र्र, आणि शेवटी एक दमलेला उसासा. कुणीतरी जुनी गाडी सुरू करायला बघत होतं. हल्ली हौसेनं अशा गाड्या पाळतात लोक. पण माझा हात खिडकीच्या कडीवर तसाच राहिला. जे आलं ते दुःख नव्हतं हे मला लगेच कळलं. हे खांद्यांत आलं. खांदे आपोआप मागे गेले, पाठ सरळ झाली, आणि उजव्या पायाचा तळवा चपलेच्या आत हळूच दाबला गेला, थोडा, अगदी थोडा, जेवढा तिला हवा असायचा तेवढाच. तिला म्हणजे बगळीला.

अठराव्या वर्षी माझ्याकडे स्वतःची गाडी होती. हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा मोठ्यानं म्हटलं असेल, पण मनात किती वेळा म्हटलं त्याचा हिशेब नाही. परीक्षेत पडले तेव्हा म्हटलं, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला बाहेरच्या बाकावर बसले होते तेव्हा म्हटलं, बाळंतपणात कळा थांबेनात तेव्हासुद्धा म्हटलं, मी अठराव्या वर्षी गाडीची मालकीण होते, हे काय घेऊन बसलात. आमच्या घराण्यात गाडीला हात लावणारे पुष्कळ झाले. आजोबा मालट्रकवर क्लीनर होते, बाबा बसवर ड्रायव्हर. पण हात लावणं वेगळं आणि गाडी असणं वेगळं. बाबांनी उभी हयात स्टिअरिंग धरलं ते कंपनीच्या बसचं. संध्याकाळी बस डेपोत लावायची, किल्ली खिळ्याला टांगायची आणि सायकल हाणत घरी यायचं. आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर गाडीची किल्ली पहिल्यांदा पडली ती माझी. आईनं तिच्याखाली रुमाल घातला होता. टेबलाला ओरखडा पडेल म्हणून, असं ती म्हणाली. त्या टेबलावर ओरखड्यांवाचून दुसरं काही नव्हतं.

बगळी मिळाली ती औषधवाल्या बाईंकडून. बाईंचं औषधांचं दुकान आमच्या कोपऱ्यावर होतं आणि कॉलेज सुटलं की मी तिथे कामाला जात असे. गोळ्या मोजायच्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, काउंटरवर फडकं मारायचं. दुकानाच्या मागच्या अंगणात बाईंच्या यजमानांची गाडी उभी होती. ते गेल्यावर तिला कुणी हात लावला नव्हता. एक चाक काढलेलं, त्या जागी विटांचा ढिगारा, रंग मूळचा पांढरा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा एका पायावर उभी राहिलेली बगळीच वाटली मला. डोळे मिटून मासा यायची वाट बघत असावी तशी. मागच्या सीटवर एका मांजरीनं पिल्लं घातली होती आणि ती मला बघून फिस्कारली, जणू गाडी तिच्याच नावावर होती. मी मधूनमधून उगाच जाऊन पुढे बसायची. स्टिअरिंग मोठं आणि बारीक होतं, परातीच्या काठासारखं. रेक्झिन उन्हानं तापून पोटऱ्यांना चिकटायचं. उठताना चर्रकन आवाज यायचा. धूळ, जुनं पेट्रोल, मांजर आणि उन्हात शिजलेलं रबर, या चारींचा मिळून एक वास यायचा, आणि तो वास माझ्या डोक्यात 'उद्या' या शब्दाला कायमचा चिकटला आहे. आजही कुणी 'उद्या बघू' म्हणालं की मला तो येतो.

एकदा बाईंनी मला तसं बसलेलं पाहिलं. मी धडपडत उतरले. त्या रागावल्या नाहीत. दाराला टेकून म्हणाल्या, "चालवता येते का?"

"नाही."

"तुझे वडील तर ड्रायव्हर आहेत."

"ते आता डेपोच्या गेटवर असतात. गुडघे दुखतात त्यांचे."

बाई एक पाऊल पुढे आल्या. मग म्हणाल्या, "हे बघ, माझी निम्मी गिऱ्हाइकं अंथरुणाला खिळलेली आहेत. त्यांच्या घरची माणसं कामं सोडून माझ्या दारात रांगा लावतात. तू ही चालू कर, त्यांच्या घरी औषधं पोचव, गाडी तुझी. अगदी तुझ्या नावावर. मला हिच्याकडे बघवत नाही आणि भंगारातही घालवत नाही. माणूस गेल्यावर त्याची गाडी उभी ठेवण्यात काही अर्थ नाही गं, ती काही वाट बघत नसते."

मी घरी सांगितलं. दादा हसायला लागला. दादा माझ्याहून मोठा. त्याच्या मते या घरात गाडी येणारच असेल तर ती त्याच्यामागून यायला हवी होती. "कानामागून आली आणि तिखट झाली," तो म्हणाला. "ते डबडं? ते चाललं तर मी मिशी काढीन." बाबा जेवत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं नाही म्हणणार. मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं, तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "चाक कुठे आहे तिचं?" एवढंच. घरात घ्यायची की नको, मुलीला द्यायची की मुलाला, लोक काय म्हणतील, यातलं काही नाही. चाक कुठे आहे. चाक दुकानाच्या माळ्यावर होतं, गोणपाटात गुंडाळलेलं.

ती सुट्टी आम्ही दोघांनी बगळीच्या पोटाखाली घालवली. बाबा गेटवरची पाळी संपवून यायचे, शर्ट काढून खुंटीला लावायचे आणि बनियनवर कामाला लागायचे. एकेक भाग सुटा करून वर्तमानपत्रावर मांडायचा, रॉकेलमध्ये धुवायचा. कार्बोरेटर मी दात घासायच्या ब्रशनं घासला. आईनं घरातला जुना पडदा फाडून सीटांना अभ्रे शिवले, आणि मला उंची कमी पडते म्हणून एक उशीही. त्या उशीवर बसलं की बॉनेट दिसायचं, नाहीतर नुसतं आभाळ. बाबा काम करताना बोलत नसत. पण पाना हातात देताना, नट घट्ट झाला का हे माझ्याच बोटांना कळू देताना, त्यांच्या चेहऱ्यावर असं काही असायचं की मी बोलणं विसरायची. पाळण्यातलं पोर हातात देताना जसा माणूस आधी स्वतःचा हात खाली धरून ठेवतो, तसं ते प्रत्येक भागाचं करायचे. बगळी ज्या दिवशी पहिल्यांदा सुरू झाली त्या दिवशी काळा धूर इतका झाला की बाईंच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक खोकत बाहेर पळालं. मांजर पिल्लांसकट आधीच जिन्याखाली राहायला गेली होती. आणि संध्याकाळी दादा न्हाणीघरात कोंडून घेऊन बसला आणि बाहेर आला तो मिशीशिवाय. सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखा दिसत होता. आई हसून हसून खाली बसली. पण शब्द पाळला त्यानं, हे मी तेव्हाही मान्य केलं.

गाडी नावावर करायला बाबा आणि मी कचेरीत गेलो. खिडकीतल्या माणसानं बाबांकडे बघून विचारलं, "मालक कोण?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खिडकीतल्या माणसानं पुन्हा बाबांनाच विचारलं. बाबा माझ्याकडेच बघत राहिले. तेव्हा मला वाटलं, मलाच बोलू द्यायचं आहे त्यांना. मी म्हणाले, "मी." माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारच्या खिडकीतल्या बाईनंही मान वळवली. अंगावर मूठभर मांस चढणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. खरोखरच चढतं. कपडे जरा घट्ट होतात.

खाली पुन्हा खर्र झालं. खर्र, खर्र, आणि आता त्यात एक ओला, गुदमरलेला सूर आला होता. मला राहवलं नाही. मी खिडकीतून वाकून ओरडले, "अहो, चोक आत ढकला! पेट्रोल जास्त झालंय. आता अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि मगच चावी फिरवा!" खाली एका तरुण मुलीनं काच उतरवून वर पाहिलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. बोलणारी मी, पांढरा कोट घातलेली, चौथ्या मजल्यावर, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. तेवढ्यात हेडमास्तर आले. त्यांना आत बसवलं, हेडफोन चढवले, दार लावलं. त्यांचा चेहरा काचेतून मला दिसत होता. ते बटण दाबत होते, पण माझ्याकडे बघून दाबत होते. माझा हात यंत्रावर हलला की दाबायचे. हुशार माणसं असं करतात. ऐकू येत नाही हे कबूल करण्यापेक्षा समोरच्याचे हात आणि ओठ वाचणं त्यांना सोपं वाटतं. मी खुर्ची थोडी वळवली, हात टेबलाच्या आड नेला. मग त्यांचं बटण थांबलं, आणि चेहऱ्यावर एक असं एकटेपण आलं की मी नजर यंत्राकडे वळवली. हे एकटेपण मी ओळखते. त्याच्या शेजारी बसून मी गाडी शिकले.

बाबा शिकवायचे ते गावाबाहेरच्या धान्याच्या गोदामामागे. तिथे सिमेंटचं मोठं आवार होतं, रविवारी रिकामं. माझ्या डोक्यात होतं की गिअर कानानं बदलतात. इंजिन रडायला लागलं की वरचा, घरघरलं की खालचा. दादानं तसं सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "कान काय करायचेत? तळपाय कशाला दिलेत? ती काय म्हणते ते पायाला कळतं. सीटला कळतं. स्टिअरिंगवर बोटं हलकी ठेव, आवळू नकोस, आवळलं की ती बोलायची बंद होते." मी चपला काढून ठेवल्या. आणि खरंच, थोड्या वेळानं पायाला कळायला लागलं. क्लच जिथे पकडतो तिथे तळव्यात एक बारीक थरथर यायची, झोपेतून उठणाऱ्या जनावराच्या कातडीसारखी. तिथे थांबायचं, मग सोडायचं. मी पुष्कळदा धक्के देत बंद पाडली. बाबा एकदाही ओरडले नाहीत. आपली बस चालवताना ते कंडक्टरवर ओरडत, रस्त्यावरच्या म्हशींवर ओरडत, हे मी लहानपणी पुढच्या सीटवर बसून ऐकलं होतं. माझ्यावर नाही. त्यांचा उजवा पाय मात्र समोरच्या पत्र्यावर सारखा दाबला जायचा, जिथे ब्रेक नव्हता तिथे. शेवटी तिथला रंग उडाला.

लायसन मिळालं आणि आम्ही पहिल्यांदा गावात निघालो तो दिवस मला सबंध आठवतो. पुलाच्या चढावर पुढचा ट्रक थांबला म्हणून मी थांबले, आणि निघताना गाडी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. गाडी हातभर मागे घसरली. मागे बस होती, बसच्या मागे आणखी काय काय होतं, आणि त्या सगळ्यांनी एकदम हॉर्न वाजवायला सुरुवात केली. माझ्या कानांत, दातांत, केसांच्या मुळांत हॉर्न शिरले. हात घामानं निसटायला लागले. मी रडायच्या बेतात होते. आणि बाबा शेजारी शांत बसले होते. अगदी शांत. रविवारी सकाळी ओट्यावर चहा घेत बसावं तसे. त्यांनी हँडब्रेक ओढला, माझ्याकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कसली घाई आहे? रस्ता आपलाही आहे. कुणी काही म्हणतंय का तुला?" मागे एक माणूस तर खाली उतरून काहीबाही बोलत होता, त्याचं तोंड मला आरशात दिसत होतं. मी बाबांकडे पाहिलं. ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या डोळ्यांत निव्वळ धीर होता. कुणी काही म्हणत नाही, यावर त्यांचा खरोखर विश्वास होता. त्यांच्यासाठी बाकीचं जग शांततेत बुडून गेलेलं होतं. तेव्हा मला समजलं. जेवताना खाली घातलेली मान समजली, तोंडाकडे निरखून बघणं समजलं, खिडकीतल्या माणसाचा प्रश्न समजला, आणि गेट समजलं. कारण गुडघे नव्हते. ज्याला मागचा हॉर्न ऐकू येत नाही त्याच्या हातात माणसांनी भरलेली बस कोण देणार? हे सगळं समजायला किती वेळ लागला असेल? श्वास आत घेऊन सोडण्याएवढा. आणि गंमत अशी की त्या श्वासानंतर मलाही हॉर्न ऐकू येईनासे झाले. म्हणजे येत होते, पण ते आता माझ्यासाठी नव्हते. मी त्यांच्या शांततेत जाऊन बसले. चावी फिरवली, तळव्याला थरथर लागली, मी थांबले, हँडब्रेक सोडला, आणि बगळी चढ चढली, एकही धक्का न देता. बाबांनी खिडकीवर हात ठेवला आणि म्हणाले, "बघ. सांगितलं नव्हतं?"

घरी आल्यावर मी आईला स्वयंपाकघरात गाठलं. "बाबांना ऐकू येत नाही. तुला माहीत होतं?"

"मग? संसार करतेय त्यांच्याशी."

"मग कधी बोलली का नाहीस त्यांच्याशी?"

"बोलले असते," आई पातेलं घासत म्हणाली, "पण त्यांना ऐकू कुठे येतं?" आणि ती हसली, आणि मग पातेलं खाली ठेवून मनगटानं डोळे पुसले. "आपणहून म्हणेपर्यंत विचारू नकोस चिंगे. बस गेली, तेवढं एक राहू दे त्यांच्याकडे."

मी विचारलं नाही. फक्त त्यांच्या उजव्या हाताला राहायला लागले, समोर येऊन बोलायला लागले, ओठ नीट हलवायला लागले. आज माझ्या कामात मी घरच्या मंडळींना जे शिकवते, ते मी तेव्हा आपोआप शिकले. गाडी मात्र रोज निघायची. दुकानातून औषधांची खोकी मागच्या सीटवर भरायची, दार उचलून लावायचं, कारण नुसतं ढकललं तर ते बसत नसे, आणि निघायचं. माझी गिऱ्हाइकं मला आवाजावरून ओळखायची. वळणावरून बगळी दिसायच्या आधी ऐकू यायची. एक अर्धांग झालेल्या आजी होत्या, त्यांचा पलंग खिडकीशी होता. त्यांची सून सांगायची, "तुझी गाडी कोपऱ्यावर खडखडली की या केस विंचरून मागतात." कॉलेजच्या मुली माझ्याकडून फेऱ्या मागत. मुलगे लांबून बघत आणि 'डबडं' म्हणत, पण भाड्याच्या सायकलवरून म्हणत. मला राग येत नसे. माझ्या खिशात किल्ली होती, आणि चालताना ती मांडीला टोचायची. तेवढं टोचणं मला पुरे होतं. पुढे मी कामाधंद्यात पुष्कळ काही मिळवलं, याहून मोठ्या गाड्या घेतल्या, मुलीलाही घेऊन दिली. पण पुन्हा कुठलीच गोष्ट मांडीला तशी टोचली नाही.

बाबांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. ते म्हणाले, "कुणी यायचं नाही. डेपोच्या कँटीनमध्ये दोन शब्द बोलतील, चहा देतील, मी सायकलवरून येईन." ज्या माणसानं शेवटपर्यंत बस चालवली त्याला इतर ड्रायव्हर त्याच्याच बसमधून घरी सोडत, मिरवत. गेटवर बसणाऱ्याला कोण मिरवणार? हे ते बोलले नाहीत. सकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ बूट पुसत बसले, एवढंच. दुपारी मी बगळी धुतली. बाईंच्या दुकानातलं स्पिरिट घेऊन काचा पुसल्या, आईनं अभ्रे इस्त्री केले आणि मी डेपोकडे निघाले. गेटवर त्या दिवशी बाबांच्या जागी मिशीवाले काका होते, बाबांचे जुने जोडीदार. दांडी खालीच ठेवून ते बाहेर आले.

"आत खासगी गाडी चालत नाही. पाटी लिहिलीय बघ."

"काका, बाबांना न्यायला आलेय."

"ही कुणाची?"

"माझी."

"तुझी म्हणजे?"

"म्हणजे माझ्या नावावर."

त्यांनी बगळीला एक प्रदक्षिणा घातली. वाकून चाकं पाहिली. मग पाटीकडे पाहिलं. "मला वाचता येतं तसं," ते म्हणाले, "पण आज नेमका चष्मा घरी राहिला." आणि त्यांनी दांडी वर केली.

मी आत गेले. दोन्ही बाजूंना बसगाड्यांच्या रांगा, एकीच्या खांद्याला एक लागून, आणि त्यांच्यामधून माझी बगळी, हत्तीखान्यातून शेळी जावी तशी. डिझेलचा वास, पाण्यानं धुतलेल्या फरशीचा वास. कँटीनच्या दारातून बाबा बाहेर आले. काखेत भिंतीवरचं घड्याळ होतं. माणूस कामावरून सुटला, आता त्याला वेळेशी काही घेणंदेणं उरलं नाही, की नेमकं घड्याळच का देतात कोण जाणे. त्यांच्यामागून ड्रायव्हर, कंडक्टर, मॅनेजर असे सगळे येत होते. बाबांनी बगळीला पाहिलं आणि ते थांबले. मग कुणाकडेही न बघता पुढे आले, टायरला बुटानं ठोकून पाहिलं, जसं रोज बस काढायच्या आधी ठोकत असत. मी उतरून त्यांच्यासमोर गेले.

"मागे बसा ना बाबा. साहेबांसारखे."

"मागून रस्ता दिसत नाही," ते म्हणाले आणि पुढे, माझ्या शेजारी बसले. घड्याळ मांडीवर घेतलं.

मी बगळी वळवली आणि गेटकडे निघाले, तेव्हा पहिला हॉर्न वाजला. कोपऱ्यातल्या एका बसमध्ये एक ड्रायव्हर चढून बसला होता. मग दुसरा चढला, तिसरा. माणसं धावत धावत आपापल्या बसकडे जात होती, दारं आपटत होती. बघता बघता सगळा डेपो वाजायला लागला. पत्र्याचं छप्पर थरथरलं, त्यावरची कबुतरं उठली. बाबा समोर बघत होते. काचेपलीकडे त्यांना दिसत होतं, प्रत्येक बसच्या पुढच्या काचेमागे एक माणूस, त्याचा एक हात स्टिअरिंगच्या मधोमध दाबलेला. त्यांनी आपला पंजा उचलला आणि समोरच्या पत्र्यावर सपाट टेकवला, डॉक्टर छातीवर टेकवतात तसा. मग माझ्याकडे वळले.

"वाजवतायत ना गं?"

इतकी वर्षं झाली, पण त्या प्रश्नाची उंची, त्याचा कंप, मला आजही यंत्रावर मोजून दाखवता येईल. मी गाडी थांबवली. तोंड त्यांच्याकडे केलं, त्यांना ओठ दिसावेत म्हणून.

"हो बाबा."

"किती जण?"

"सगळे."

त्यांनी पंजा पत्र्यावरून काढला नाही. "मग हळू चालव," ते म्हणाले.

मी पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या गतीनं, आख्ख्या डेपोतून गेले. त्यांचं जे काय होतं ते त्यांना पुरेपूर मिळावं म्हणून. मला वाटतं, त्या दिवशी त्या रांगांमधून जाताना मी जितकी ताठ बसले होते, तितकी पुन्हा कधीच बसले नाही. शेजारी बाबा होते, स्टिअरिंगवर बोटं हलकी होती, आणि गाडी माझी होती.

गेटबाहेर पडलो, पुलावर आलो, तेव्हा ते समोर बघत म्हणाले, "मला ऐकू येत नाही चिंगे." मी मान हलवली. "तुझ्या आईला सांगू नकोस." मी पुन्हा मान हलवली, आणि हसू दाबायला गालाच्या आतून चावलं. मग थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "कानाच्या डॉक्टरकडे जायचं म्हणतोय. बसनं नाही जाणार. हिच्यातून नेत असशील तर येईन."

नेलं. तिथेच मी पहिल्यांदा ती काच पाहिली, त्या काचेपलीकडे बसलेले बाबा पाहिले. कानांवर हेडफोन, हातात बटण, पंचावन्न प्रवाशांची बस घाटातून उतरवणारा माणूस शाळेतल्या पोरासारखा घाबरून बसलेला. अलीकडे यंत्राशी बसलेल्या तरुण बाईनं खुर्ची वळवून हात आड केला, तेव्हा मला तिचा राग आला होता. मग तिनं तपासणी संपवली, दार उघडून आत गेली, त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "फार चांगलं केलंत, आलात ते." त्या दिवशी मी ठरवलं की काचेच्या अलीकडची ती खुर्ची आपली. बगळीनं मला आणखी बरीच वर्षं वाहिलं. त्या शिक्षणाला मी तिच्यातूनच जात येत होते. शेवटी तिचं अंग गंजलं, तेव्हा इंजिन मी तंत्रशाळेला दिलं. पुढची कितीतरी वर्षं मुलं ते उघडत होती, जोडत होती, असं ऐकलं. पत्रा कुठे गेला ते मी विचारलं नाही. पण मला बगळी आठवते ती तंत्रशाळेतली नाही, डेपोतलीही नाही.

त्या तपासणीनंतर काही आठवड्यांनी बाबांच्या कानात यंत्र बसवलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते प्रत्येक पायरीवर थांबत होते, कारण त्यांना स्वतःचे बूट ऐकू येत होते. माझ्या हातातली कागदी पिशवी चुरगळली तर दचकले. फाटकाची कडी, लांबचं कुत्रं, कुणाचं तरी शिंकणं, सगळ्याकडे ते असे वळून बघत होते की जणू प्रत्येकानं त्यांना नावानं हाक मारली आहे. गाडीत बसले. दार त्यांनी उचलून लावलं. मी चोक ओढला, चावी फिरवली, आणि बगळी दुसऱ्या झटक्याला सुरू झाली. बाबा ताठ झाले.

"हा कसला आवाज?"

"इंजिनाचा."

"कुणाच्या?"

"हिच्या. बगळीच्या."

"ही एवढी खडखडते?" ते माझ्याकडे डोळे विस्फारून बघत होते. "आणि तू हिच्यातून आजारी माणसांकडे जायचीस? लोक अंथरुणातून उडत असतील!"

मला हसू फुटलं. ते मोठ्यानं हसू त्यांच्या कानात गेलं, आणि ते तसेच माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान तिरकी केली, बॉनेटकडे. चेहरा बदलला, गंभीर झाला, ड्रायव्हरचा झाला. "टॅपेट वाजतायत," ते पुटपुटले. "तिसरा. नाही, दुसरा." इंधन फुकट जाळणं त्यांना मुळीच खपत नसे. दोन मिनिटं थांबायचं असलं तरी बस बंद करणारा माणूस. म्हणून मी चावीकडे हात नेला.

"बंद करू का बाबा? घरी जाऊन बघू."

त्यांनी माझा हात धरला.

"नको," ते म्हणाले. "आणि तू गप बस जरा. ऐकू दे मला."